नाशिकच्या डोंगरपट्ट्यातला भात : वास, पोषण आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोंगणी आटोपून नवा तांदूळ घोटीच्या गिरण्यांमधून बाहेर पडू लागला की नाशिक शहरात दरवर्षी तेच प्रश्न कानावर येतात. खरी इंद्रायणी कशी ओळखायची, हातसडी घ्यावी का, काळा तांदूळ खरंच औषधी असतो का, गेल्या वर्षीसारखा वास यंदा का नाही. यातल्या बऱ्याच प्रश्नांचा गुंता एकाच ठिकाणी होतो. आपण वास आणि पोषण एकाच तराजूत टाकतो. तांदळात या दोन्ही गोष्टी वेगळ्या जागी असतात, वेगळ्या कारणांनी येतात आणि वेगळ्या चुकांमुळे जातात. खालची उत्तरं वाचताना एवढं ध्यानात ठेवलं तर बाकीचं आपोआप सुटत जाईल.

नाशिक तर द्राक्ष-कांद्याचा जिल्हा. इथे भात कुठे पिकतो?

जिल्ह्याच्या पश्चिमेला. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ आणि सुरगाणा हे मुख्य भाताचे तालुके. येवला-मालेगावकडे पावसाची वाट पाहत दिवस जातात आणि त्याच जिल्ह्यात इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सह्याद्रीची धार ओलांडून येणारं पाणी आधी इथे पडतं आणि पूर्वेकडे जाईपर्यंत ढग रिकामे होतात.

या पट्ट्यातही सगळा भात सारखा नसतो. सखल जागी बांध घालून पाणी अडवलेली खाचरं असतात. तिथे राब भाजून, म्हणजे पालापाचोळा जमिनीवर पसरून जाळून, रोप तयार करतात आणि पाऊस लागला की आवणी म्हणजे रोपांची लावणी होते. उतारावरच्या हलक्या, मुरमाड वरकस जमिनीत पाणी साचत नाही. तिथे नागली (नाचणी) आणि वरई ही मुख्य पिकं, आणि त्यांच्या सोबतीने लवकर येणारा हळा भात. कोकणा, महादेव कोळी, वारली, ठाकर शेतकऱ्यांनी ही उतारावरची वाणं पिढ्यानपिढ्या जपली आहेत. शहरात मात्र ती जवळजवळ पोचतच नाहीत, कारण घरात खाऊन उरेल एवढी ती पिकत नाहीत.

हळा आणि गरा म्हणजे काय?

पिकायला लागणारे दिवस. हळा भात लवकर तयार होतो, गरा उशिरा, आणि मधला निमगरवा. पाणी टिकत नाही तिथे हळा, खोल खाचरात गरा, असा साधा हिशेब. वासाच्या बहुतेक जाती निमगरव्या किंवा गऱ्या आहेत. हे योगायोगाने झालेलं नाही, त्याचं कारण पुढे येईल.

इथल्या जाती कोणत्या?

बाजारात नाव चालतं ते इंद्रायणीचं. ही गावठी जात नाही, हे अनेकांना ठाऊक नसतं. महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या वडगाव मावळच्या केंद्रात आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून ती निघाली आणि १९८७ मध्ये प्रसारित झाली. वास आंबेमोहराचा, बुटकेपणा आणि उत्पन्न आयआर ८ चं. मावळातली ही जात इगतपुरीच्या हवेला मानवली आणि इथलीच होऊन गेली. त्याच विद्यापीठाचं भात संशोधनाचं केंद्र इगतपुरीतही आहे.

जुन्या वाणांमध्ये कोळपी, गरी कोळपी, कामोद ही नावं अजून ऐकू येतात. डोंगर ओलांडून अकोले तालुक्यात गेलं की काळभात, रायभोग, जिरवेल भेटतात. डोंगराच्या दोन्ही अंगांना सोयरिकी आहेत आणि बियाणं सोयरिकीबरोबर फिरतं, म्हणून ही वाणं तालुक्याच्या हद्दीत बांधून ठेवता येत नाहीत. एकाच नावाचे दोन वेगळे भात आणि एकाच भाताची दोन नावं, असंही खूपदा आढळतं. म्हणून केवळ नावावर जाऊन गुणाची खात्री देणाऱ्यावर विसंबू नये.

तांदळाला वास कशामुळे येतो?

मुख्यतः एका रेणूमुळे. त्याचं नाव २-ॲसिटिल-१-पायरोलिन. शिजलेल्या तांदळाच्या वाफेतून तो १९८२ च्या सुमारास ओळखला गेला. बासमती, आंबेमोहर, इंद्रायणी, थायलंडचा जास्मिन, सगळ्यांच्या वासाचा कणा हाच. आपल्या नाकाला तो विलक्षण लवकर कळतो. एक अब्ज भाग पाण्यात याचा एक दशांश भाग असला तरी वास लागतो. त्यामुळे दाण्यात तो वजनाने नगण्य असूनही चूल पेटली की शेजारच्या घरात कळतं.

हाच रेणू भाजलेल्या पावाच्या पापुद्र्यात आणि मक्याच्या लाह्यांत असतो. अनेक घरांच्या अंगणात साध्या भातात टाकण्यासाठी लावलेलं अन्नपूर्णेचं झाड असतं, त्याच्या पानांतही हाच. आणि पेठ-सुरगाण्याच्या लोकांना सांगायला आनंद वाटतो की मोहाच्या फुलांतही तो सापडला आहे.

तो काही जातींतच का साठतो, याचं उत्तर २००५ मध्ये नीट कळलं. भाताच्या आठव्या गुणसूत्रावर एक जनुक आहे. बिनवासाच्या भातात हे जनुक एक विकर (एन्झाइम) तयार करतं आणि ते विकर वासाचा कच्चा माल दुसरीकडे वळवून टाकतं. वासाच्या भातात या जनुकातली आठ अक्षरं गळालेली असतात. विकर बनत नाही, कच्चा माल शिल्लक राहतो आणि त्यातून वासाचा रेणू तयार होतो. म्हणजे सुगंध हा वनस्पतीत काही नवीन आल्यामुळे नाही, तर एक काम बंद पडल्यामुळे आला. पूर्वी कुणातरी शेतकऱ्याच्या नाकाला ते एक वेगळं रोप कळलं आणि त्याने त्याचं बी बाजूला ठेवलं. त्या माणसाचं ऋण फार मोठं आहे.

वास फक्त दाण्यात नसतो. मुळं सोडली तर पानातही असतो, म्हणून फुलोऱ्यात आलेल्या खाचराच्या बांधावरून जातानाही तो येतो. पण एकाच रेणूने सगळं वर्णन होत नाही. आंबेमोहराचा मोहरासारखा गंध आणि बासमतीचा गंध आपण डोळे मिटून वेगळा ओळखतो, तो सोबतच्या इतर अनेक बाष्पशील पदार्थांच्या प्रमाणामुळे.

तीच इंद्रायणी, पण एका गावच्या तांदळाला वास जास्त आणि दुसऱ्या गावच्याला कमी. असं का?

हा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. बियाणं वासाची क्षमता देतं. ती किती उतरेल हे हवा, जमीन आणि माणसाचे हात ठरवतात.

हवेपासून सुरुवात करू. दाणा भरत असताना रात्री गार असतील तर वासाचा रेणू जास्त साठतो आणि टिकतो. इगतपुरी समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंच आहे. गरा भात पावसाळा सरता सरता निसवतो आणि त्याचा दाणा गार होत चाललेल्या रात्रींत भरतो. हळा भात त्याआधीच, दमट उकाड्यात किंवा ऑक्टोबरच्या उन्हात पिकून जातो. वासाच्या जाती गऱ्या का, याचं एक उत्तर इथे आहे. तीच जात उष्ण, सखल भागात नेली की पीक येतं पण घमघमाट ओसरतो, ही तक्रार देशभर ऐकू येते.

दुसरं पाणी. दाणा भरताना पाण्याचा थोडासा ताण पडला तर झाडात प्रोलीन नावाचं अमिनो आम्ल वाढतं, आणि तेच वासाच्या रेणूचा एक कच्चा माल आहे. ताण फार झाला की दाणेच पोचट राहतात, म्हणून हे गणित नाजूक आहे. वरकस जमिनीतल्या वासाच्या भाताला चांगला वास येतो असं शेतकरी सांगतात त्यामागे हे कारण असू शकतं.

तिसरं, आणि इथेच सगळ्यांत जास्त नुकसान होतं, ते सोंगणीनंतर. हा रेणू उडून जाणारा आहे. दाणा अति पिकेपर्यंत शेतात उभा ठेवला, मग तापलेल्या डांबरी रस्त्यावर पातळ पसरून कडकडीत वाळवला, की वास जातो आणि गिरणीत तांदूळही तुटतो. बेताच्या उन्हात, जाड थर देऊन, वरखाली करत वाळवलेल्या भाताचा वास राहतो. ओलावा साधारण १३-१४ टक्क्यांवर आणायचा, दाताखाली दाणा कट्कन फुटला पाहिजे. पावसात भिजलेली उडवी, म्हणजे भाऱ्यांची रास, तापली तर मात्र काही इलाज नाही. परतीच्या पावसाने दगा दिलेल्या वर्षी इंद्रायणी फिकी लागते त्याला शेतकरी जबाबदार नसतो.

वासाचा तांदूळ जास्त पौष्टिक असतो का?

नाही. वासाच्या रेणूला पोषणमूल्य नाही. वास भूक वाढवतो, जेवण समाधानाचं करतो, तेही मोलाचं आहे. पण कोळपीच्या बिनवासाच्या दाण्यात इंद्रायणीपेक्षा कमी काही असतं असं समजू नका.

मग पोषण कशात असतं?

भाताचं वरचं टरफल काढलं की जो तपकिरी किंवा लालसर दाणा उरतो, त्यावर कोंड्याचा पातळ थर आणि एका टोकाला अंकुर असतो. बहुतेक जीवनसत्त्वं, खनिजं, तेल आणि तंतू या दोन जागी. आतला पांढरा भाग म्हणजे मुख्यतः स्टार्च आणि थोडी प्रथिनं. शंभर किलो भात भरडला की साधारण वीस किलो तूस, आठ-दहा किलो कोंडा आणि पासष्ट ते सत्तर किलो पांढरा तांदूळ मिळतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय अन्नघटकांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यात शंभर ग्रॅम कच्च्या तांदळाचे आकडे असे: बिनपॉलिशच्या तांदळात प्रथिनं सुमारे ९.२ ग्रॅम, पांढऱ्यात ७.९. तंतू ४.४ आणि २.८ ग्रॅम. लोह १ मिलिग्रॅम आणि ०.६५. जस्त १.७ आणि १.२. थायमिन म्हणजे बी-१ हे ०.२७ आणि ०.०५ मिलिग्रॅम.

शेवटचा आकडा पुन्हा वाचा. प्रथिनं थोडीच घटतात, पण बी-१ पाचातला एक हिस्सा उरतो. एकोणिसाव्या शतकात यंत्राने सडलेला पांढरा तांदूळ आशियाभर पसरला तेव्हा बेरीबेरी पसरली ती यामुळेच. जावा बेटावर क्रिस्तियान आइकमन यांनी पांढरा तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांमध्ये तसाच आजार पाहिला, कोंडा असलेल्या तांदळाने त्या बऱ्या झाल्या आणि त्या कामाला १९२९ चं नोबेल मिळालं. आपण आज डाळी, भाज्या खातो म्हणून बेरीबेरी दिसत नाही, पण ताटातला कोंडा गेलेलाच आहे.

हे आकडे सरासरीचे आहेत. जात आणि जमीन बदलली की तांदळातली प्रथिनं सहा टक्क्यांपासून दहापर्यंत वरखाली होतात.

उतारावरचा भात खाचरातल्या भातापेक्षा पौष्टिक असतो?

सरसकट म्हणता येत नाही. उत्पन्न कमी असलं की दाण्यात स्टार्च कमी भरतो आणि प्रथिनं-खनिजांचं प्रमाण थोडं वर दिसू शकतं. पाणी साचलेल्या जमिनीत जस्त पिकाला कमी मिळतं, हेही खरं. पाण्याखालच्या मातीतून आर्सेनिक अधिक सुटतं आणि उताराच्या, हवा खेळत्या मातीत ते कमी सुटतं. तरीही उतारावरच्या तांदळाचा खरा पौष्टिकपणा मला दुसरीकडे दिसतो. तो घरात खाल्ला जातो, थोडाच सडलेला असतो, आणि ताटात त्याच्या शेजारी नागलीची भाकर आणि उडीद असतो. तांदळाच्या प्रथिनात लायसिन कमी पडतं, उडदात ते भरपूर असतं. वरण-भात किंवा भात आणि उडदाची आमटी ही जोडी आहारशास्त्राच्या कसोटीला पूर्ण उतरते.

लाल तांदूळ, काळा तांदूळ आणि काळभात यांत फरक काय?

काळभाताचं टरफल काळं असतं, आतला तांदूळ पांढरा आणि सुवासिक. टरफल गिरणीत निघून जातं, म्हणून त्या काळेपणाचा पोषणाशी संबंध नाही. काळा तांदूळ मात्र टरफल काढल्यावरही काळा-जांभळा असतो. तो रंग अँथोसायनिनचा, म्हणजे जांभूळ आणि जांभळ्या वांग्याच्या सालीत असतो त्याच कुळातला. लाल तांदळाचा रंग वेगळ्या प्रकारच्या टॅनिनांचा. दोन्ही रंग कोंड्याच्या थरात असतात, त्यामुळे पॉलिश केलेला लाल तांदूळ घेण्यात अर्थ नाही. ही द्रव्यं ऑक्सिडेशन रोखणारी आहेत, पण शिजवताना काही भाग नष्ट होतो. काळ्या-निळ्या तांदळाची लागवड अलीकडे इगतपुरीकडे काही शेतकरी करतात. हौसेने जरूर खा. कर्करोग बरा होतो असं सांगून कुणी चौपट भाव लावत असेल तर मात्र घेऊ नका.

मधुमेह आहे. इंद्रायणी चालेल का?

प्रमाणात. तांदूळ मऊ-चिकट होतो की मोकळा, हे त्यातल्या अमायलोज या स्टार्चवर ठरतं. अमायलोज जास्त असलेला तांदूळ मोकळा होतो आणि साधारणपणे सावकाश पचतो. इंद्रायणी, आंबेमोहर मऊ होणाऱ्या गटातले आहेत, त्यामुळे साखर लवकर चढू शकते. वाटी लहान ठेवा, आधी भाजी-डाळ खा, शक्य तर कोंडा राखलेला तांदूळ घ्या. गोळ्या-इन्सुलिन चालू असेल तर प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

गिरणीवाल्याला नेमकं काय सांगायचं?

“सिंगल पॉलिश” म्हणा, किंवा सरळ “कोंडा राहू द्या” म्हणा. अजिबात पॉलिश नसलेला तांदूळ शिजायला वेळ घेतो, मुलं नाक मुरडतात आणि महिन्याभरात घर पुन्हा पांढऱ्याकडे वळतं. थोडा कोंडा राखलेला तांदूळ वर्षभर रोज खाल्ला जातो, म्हणून माझं मत त्याच्या बाजूने आहे. उखळात सडलेल्या तांदळाचा कोंडाही असाच अर्धामुर्धा राहायचा. “हातसडी” असं छापलेल्या पिशवीतला तांदूळ बहुधा यंत्रावरच कमी सडलेला असतो, आणि त्यात वाईट काही नाही.

साठवायचा कसा? जुना चांगला की नवा?

वासासाठी नवा, मोकळ्या भातासाठी जुना. साठवणीत वासाचा रेणू घटत जातो आणि कोंड्यातल्या तेलाचं ऑक्सिडेशन होऊन खवट वास चढतो. भरडलं की कोंड्यातली विकरं तेलावर लगेच काम सुरू करतात, म्हणून कमी पॉलिशचा तांदूळ एका वेळी महिनाभराचाच आणा. उन्हाळ्यात फ्रिजमध्ये ठेवा. ओळखीचा शेतकरी असेल तर सगळ्यांत उत्तम उपाय जुनाच आहे: भात टरफलासकट कणगीत किंवा कोठीत ठेवावा आणि लागेल तसा भरडून घ्यावा. टरफल दाण्याचं आणि वासाचं रक्षण करतं.

शिजवताना वास आणि सत्त्व कसं टिकवायचं?

हलक्या हाताने दोनदा धुवा. चोळून पाचवेळा धुतल्यास बी गटातली जीवनसत्त्वं पाण्याबरोबर जातात. नव्या इंद्रायणीला पाणी दुप्पटीपेक्षा थोडं कमी, कोंड्याच्या तांदळाला अडीचपट किंवा थोडं जास्त, आणि आधी अर्धा तास भिजवून. झाकण ठेवूनच शिजवा. वेळून पेज काढत असाल तर ती ओतू नका, मीठ-जिरं घालून प्या. त्यात जीवनसत्त्वं उतरलेली असतात.

तांदळाला वरून वास लावतात, हे खरं का?

होय, असे प्रकार होतात. पिशवी उघडताच अत्तरासारखा भपका आला आणि पहिल्या धुण्यात तो निघून गेला, तर संशय घ्या. खऱ्या वासाच्या तांदळाचा कच्चेपणी गंध हलका असतो आणि उकळी आली की वाढतो. बाजारातून घेण्याआधी पावशेर घरी शिजवून बघा.

लहान मुलांना तांदूळ द्यावा की नागली?

दोन्ही. तांदळाची पेज पचायला हलकी, पण तीत कॅल्शियम जवळजवळ नाही. शंभर ग्रॅम नागलीत ते सुमारे ३६४ मिलिग्रॅम असतं, पांढऱ्या तांदळात दहाच्याही खाली. पेठ-सुरगाण्याच्या उतारावर भात आणि नागली शेजारी पिकतात, ताटातही शेजारी असू द्या.

जुन्या वाणांचं बी कुठे मिळेल आणि ते शुद्ध कसं ठेवायचं?

आधी गावातल्या वयस्कर बायकांना विचारा, कारण बी त्यांनीच राखलेलं असतं. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांनी असंच घराघरातून वाण गोळा करून बियाणे बँक उभी केली आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. तुमच्याकडे वेगळं वाण असेल तर २००१ च्या वनस्पती वाण आणि शेतकरी हक्क संरक्षण कायद्याखाली शेतकरी म्हणून त्याची नोंद करता येते. कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा.

शुद्धतेचं म्हणाल तर भात स्वपरागी आहे, शेजारच्या शेताचा संकर क्वचितच होतो. भेसळ होते ती खळ्यावर आणि मळणी यंत्रात. वासाचा गुण तर दबणारा आहे, दोन्हीकडून आला तरच दिसतो, त्यामुळे थोडी सरमिसळही काही वर्षांत वास पातळ करते. म्हणून सोंगणीआधी शेताच्या मधल्या भागातल्या, एकसारख्या उंचीच्या, एकाच वेळी पिकलेल्या लोंब्या हाताने निवडा. त्या वेगळ्या झोडा, वेगळ्या वाळवा आणि पिशवीवर वाणाचं नाव, गाव आणि साल लिहून ठेवा.